'यमुनाकाठ' राहून गेलं

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पंचायत समितीचं तिकीट घेतलं तर आपलं वाचन-लेखन संपेल, ही तुझी धास्ती वाचली. असा दोन्हीकडे पाय ठेवून किती दिवस उभा राहणार आहेस? यशवंतराव चव्हाणांचं आत्मचरित्र, 'कृष्णाकाठ', पुन्हा काढ.

१९३२ साली अठरा महिन्यांची सजा झालेला कराडचा पोरगा येरवड्याच्या बराकीत आचार्य भागवतांकडून कालिदास समजून घेतो. पुढे रॉयवादाकडे, म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे, ओढला जातो, महायुद्धाच्या प्रश्नावर त्यातून बाहेर पडतो. बेचाळीसच्या चळवळीपायी त्यांच्या पत्नी वेणूताईंनी लग्नानंतरची पहिली संक्रांत तुरुंगात काढली. हे सगळं त्यांनी स्वतः सांगितलंय, ओढाताणीसकट.

आणि पुस्तक थांबतं १९४६ ला! 'सागरतीर' आणि 'यमुनाकाठ' हे पुढचे खंड ठरले होते. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. १९८४ ला 'कृष्णाकाठ' आलं आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतरावही गेले. मुख्यमंत्रिपद, संरक्षणमंत्री होण्यासाठी आलेलं १९६२ चं दिल्लीचं बोलावणं, यांची सलग कहाणी त्यांच्या हातची आपल्याला मिळालीच नाही. परदेश दौऱ्यांतून वेणूताईंना लिहिलेली पत्रं मात्र आहेत, 'विदेश-दर्शन' नावानं छापलेली. का आहेत? मुक्कामावर बसून तेव्हाच्या तेव्हा लिहिली म्हणून.

रोजचं रोज लिही बाबा. सवड मिळाल्यावर नव्हे, रोजचं रोज.

बहात्तरच्या दुष्काळात मी खडीच्या कामावर हजेरी घ्यायचो. एका म्हातारीच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या, मस्टरवर नुसता काळा डाग उठला. तिनं तो डाग बघितला, मग माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोललीसुद्धा. काय बोलली, तिचं नाव काय, आज काही आठवत नाही. नंतर लिहू म्हटलं होतं. वेळ नव्हता हे खोटं नाही. दिवसभर कामावर, रात्री टँकरची वाट बघत. माणसं पाण्यासाठी ताटकळत असताना मी वही उघडून बसायचं होतं का? काम केलं याचा मला अजिबात पस्तावा नाही. पण पाच ओळींना काय वेळ लागतो? तेवढ्या झाल्या असत्या.

तिकीट घे. अर्ज भरून आलास की त्याच रात्री लिहायला बस. भीती वाटली तर भीती लिही, कुणाच्या पाया पडावं लागलं तर तेही लिही. मला दाखवायची गरज नाही.

रविवारी जेवायलाच ये. काकू विचारत होती.

तुझा,
काका