हात वर करून की चिठ्ठी टाकून?

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांचे वर्ग आहेत. यंदा शालेय मंत्रिमंडळाच्या मुख्यमंत्रिपदासाठी आम्ही हात वर करून मतदान घेतले. दहावीतील एक मुलगा व एक मुलगी यांना समान मते पडली, तेव्हा नववीचे गुण पाहून मुलाला निवडण्यात आले. मुलीचे पालक नाराज आहेत. आमचे काय चुकले?
– एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : बाई, पालकांची नाराजी गुणांवरून असली, तरी मला मोठी चूक हात वर करायला लावण्यात दिसते. शेजारच्या बाकावरचा मित्र, वर्गशिक्षक आणि दोन्ही उमेदवार पाहत असताना चौदा वर्षांचे मूल आपल्या मनातले मत देऊ शकत नाही. आपल्या सीमाभागातील दोन माध्यमांच्या शाळेत तर हा दबाव अधिकच जाणवतो. कारण मराठी वर्गातल्या ज्या मुलीबरोबर आपण रोज खो-खो खेळतो, तिच्यासाठी कन्नड वर्गात बसून एकटीने हात वर करायला फार धैर्य लागते, आणि शाळेने मुलांकडून असल्या धैर्याची अपेक्षा करू नये.

१९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर होते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी मतपेटी ठेवली गेली. पण त्या पेट्याही आडोशाआड होत्या, जेणेकरून कोणी कोणत्या पेटीत मत टाकले ते कळू नये. एवढ्या अडचणीतही देशाने गुप्तता सोडली नाही. तुम्हाला तर एक पुठ्ठ्याचे खोके, प्रयोगशाळेचा कोपरा आणि एक पडदा पुरेसा आहे. मतपत्रिकेवर नावे देवनागरी व कन्नड अशा दोन्ही लिपींत छापावीत आणि सोबत चिन्ह द्यावे. हल्ली मोबाइलवरील ॲपने मतदान घेतात. त्याला माझा विरोध नाही, तरी कागदाच्या चिठ्ठ्या उमेदवारांसमोर पुन्हा मोजता येतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. बोटाला शाई लावणार असाल, तर देशभरातील निवडणुकांची ती शाई आपल्याच राज्यात, म्हैसूरला तयार होते, हे मुलांना अवश्य सांगा.

आता समान मतांविषयी. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ यातील कलम ६५नुसार अशा वेळी चिठ्ठी काढली जाते आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिला एक मत जास्त मिळाले असे मानले जाते. २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या एका प्रभागाचा निकालही चिठ्ठीनेच लागला होता. गुणांचा मान वार्षिक पारितोषिकांत असतो, मतमोजणीत त्याला जागा नाही. शिवाय गुणांचा निकष आधी कोणालाच सांगितलेला नव्हता, आणि मते मोजून झाल्यावर केलेला नियम कितीही सद्हेतूने केलेला असला तरी पक्षपाती वाटतोच. एकेका मताचे मोल मुलांना पटवायचे असेल, तर २००४ साली आपल्या कर्नाटकातील संतेमरहळ्ळी मतदारसंघात आमदारकीचा निकाल ४०,७५२ विरुद्ध ४०,७५१ असा लागला होता, हे त्यांना सांगा.

माझ्या मते या दोघांमध्येच, दसऱ्याच्या सुट्टीपूर्वी, गुप्त पद्धतीने फेरमतदान घ्यावे आणि पुन्हा समान मते पडल्यास चिठ्ठी काढली जाईल, असे सूचना फलकावर आधीच लिहावे. फेरमतदान मुख्याध्यापकांनी स्वतः प्रार्थनेच्या वेळी जाहीर करावे. चूक शाळेच्या नियमांत होती, निवडून आलेल्या मुलाची त्यात काहीही चूक नाही, हेही त्यांनी त्याच वेळी सर्वांसमोर सांगावे.