पसरणी घाटात ग्रुप सोडायचा

प्रिय मित्रा,

दिवाळीआधीच्या रविवारी पुणे-पाचगणी राइडला नाव दिलंस, हे छान झालं. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी वाई-पाचगणीमधला पसरणी घाट उतरायचा आणि वाईत सायकली टेम्पोत चढवायच्या, हा बेतही शहाणपणाचा आहे. तुझा प्रश्न होता, घाटात ग्रुपच्या मागे पडलो तर काय? मागे पडलास तर काहीच बिघडत नाही. सपाटीला ग्रुपला धरून राहा, चढ लागला की ग्रुप सोड.

कारण साधं आहे. सपाट रस्त्यावर ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगाने जाताना तुझी बरीचशी ताकद वारा कापण्यात जाते, त्यामुळे पुढच्याच्या मागे राहून ती वाचते. चढावर वेग नऊ-दहावर येतो. तिथे वारा फारसा अडवत नाही, जवळजवळ सगळा झगडा वजनाशी असतो आणि तुझं वजन दुसरा कोणी ओढत नाही. म्हणजे घाटात पुढच्याला चिकटून फायदा जवळजवळ शून्य आणि दम मात्र त्याच्या हिशोबाने लागतो. तेव्हा प्रत्येकाने आपापल्या वेगाने चढायचं आणि माथ्यावर थांबायचं. लीडने, म्हणजे ग्रुप नेणाऱ्याने, थांबायच्या जागा आधीच सांगितल्या पाहिजेत: कात्रजचा जुना बोगदा, खंबाटकीचा माथा, सुरूर फाटा, वाई. नसतील सांगितल्या तर तू विचार. स्वीप, म्हणजे सगळ्यात शेवटी येणारा, कोण आहे तेही विचार आणि त्याचा नंबर फोनमध्ये घालून ठेव.

आता गिअरचा हिशोब. वाई सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी सुमारे १३०० वर. मधलं अंतर बारा-एक किलोमीटर, म्हणजे सरासरी पाच टक्के चढ. तुझ्या सायकलला पुढे ३४ दातांची लहान चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची चकती, आहे. मागे सगळ्यात मोठी चकती ३४ ची असेल तर मिनिटाला ७० पेडल मारून ताशी नऊ किलोमीटर निघतात. २५ ची असेल तर त्याच पेडलिंगला बारा लागतात आणि तेवढा जोर नसला की पेडल पन्नासवर येतं, मग गुडघे बोलायला लागतात. मागचे दात मोजून बघ. २८ पेक्षा कमी असतील तर आत्ताच कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदल; मागचा डिरेलर, म्हणजे चेन चकत्यांवरून सरकवणारा भाग, मोठी चकती झेपवेल का, हे मेकॅनिककडून खात्री करून घे. नऊच्या वेगाने पसरणीला सव्वा ते दीड तास लागतो. पहिले दोन किलोमीटर पूर्ण वाक्यं बोलता येतील इतकंच रेट. तिथे जे तुला मागे टाकून जातील, त्यांतले निम्मे पुढे वळणावर सायकल धरून उभे दिसतील.

गिअर हलका करायचा तो चढ अंगावर यायच्या आधी. पेडलवर पूर्ण जोर असताना खटका दाबलास तर चेन उतरते, कधी तुटतेही. हेअरपिन वळणाला आतली बाजू सगळ्यात उभी असते. आपण डावीकडून चालवतो, म्हणून डावं वळण जड जातं. मागून-पुढून गाडी नाही अशी खात्री करून तिथे हातभर बाहेरून घे. आणि सीटवरून उठताना पेडलला दाब देतच ऊठ. नुसतं उठलं की सायकल वीतभर मागे सरकते आणि मागच्याचं चाक तुझ्या चाकाला लागतं. पडतो तो मागचा, म्हणून तू स्वतः कुणाच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक नेऊ नकोस.

हायवेवर एकामागे एक, शेजारी-शेजारी गप्पा नाहीत. पुढच्याने खड्डा दाखवला तर तू मागच्याला दाखवायचा, ही साखळी तुटली की शेवटचा खड्ड्यात जातो. पावसाळा सरल्यावर शोल्डरवर, म्हणजे हायवेच्या कडेच्या पट्टीवर, बारीक खडी साचलेली असते, कडेला सावलीत शेवाळ असतं आणि वाढलेल्या गवतामुळे डांबराची कड दिसत नाही. खंबाटकीत ट्रक रांगत चढतात. बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाला लावलेले दगड ड्रायव्हर तिथेच टाकून जातात. डाव्या लेनमध्ये डोक्याएवढा धोंडा पडलेला असतो आणि पुढच्या सायकलमुळे तो तुला दिसत नाही. त्या घाटात तीन-चार सायकलींचं अंतर ठेवच. वाई भागात ऊसतोड सुरू झाली असेल तर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर भेटतील. मागे दिवा असेलच असं नाही आणि दुसरी ट्रॉली वळणावर आत कापते. ओव्हरटेक करण्याचा मोह आवर.

पंक्चर बहुतेक काचेने नाही, तारेने होतं. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली केसाइतकी बारीक तार शोल्डरवर पडलेली असते, ती टायरमध्ये घुसून बसते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून रुमाल फिरव. जिथे धागा अडकेल तिथे तार आहे. ती न काढता ट्यूब बदललीस तर दहा मिनिटांत पुन्हा खाली बसशील. दोन ट्यूब, टायर काढायचे तीन लिव्हर, पंप, मल्टीटूल आणि क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची तुझ्या चेनच्या मापाची कडी, एवढं जवळ असू दे. तुझा व्हॉल्व बारीक, प्रेस्टा आहे. हायवेवरच्या पंक्चरवाल्याच्या नळीत तो बसत नाही, म्हणून पितळेचा छोटा अडॅप्टर व्हॉल्वलाच लावून ठेव. हवा २८ मिलिमीटर रुंद टायरला तुझ्या वजनाला ८० पीएसआयच्या आसपास पुरे. शंभर भरून दगडासारखा टायर केलास तर खडीवर तो उड्या मारतो.

राइडच्या आदल्या आठवड्यात सायकल स्टँडवर घेऊन चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर टाक आणि हाताने पेडल फिरव. डिरेलर स्पोकला लागत असेल, तर त्याला आत जाण्यापासून अडवणारा लिमिट स्क्रू ढिला आहे किंवा तो ज्याला लटकतो तो हँगर वाकलाय. घरी हे लक्षात आलं तर पाच मिनिटांचं काम. घाटात लक्षात आलं तर डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि तुझी राइड तिथेच संपते.

खाण्याचं थोडक्यात. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जाऊ दे: एक केळं आणि एक राजगिरा लाडू, किंवा चार-पाच खजूर आणि चिक्कीचा तुकडा. भूक लागायची वाट बघू नकोस. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. ऑक्टोबरचं ऊन दहानंतर चटका देतं, म्हणून एका बाटलीत ओआरएस. पाकीट लिटरभर पाण्याचं असेल तर ते अख्खं पाऊण लिटरच्या बाटलीत ओतू नकोस. शिरवळला नाश्त्याला पोहे किंवा इडली घे. मिसळ मलाही आवडते, पण ती तर्री खंबाटकीत वर येते. केळी जर्सीच्या मागच्या खिशात उघडी ठेवू नकोस, घाटातली माकडं ती पाठीवरून काढून घेतात.

पहाटे पाचला निघालात तर कात्रज अंधारात येतो. ऑक्टोबरअखेर सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, दोन्ही आदल्या रात्री चार्ज केलेले. मागचा दिवा ग्रुपमध्ये लुकलुकता ठेवू नकोस, मागच्याच्या डोळ्यांना त्रास होतो. घाटात एकटा पडलास की मग ठेव.

खरी काळजी उताराची. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं आणि दव असेल, रस्ता ओला. निघण्याआधी विंडचीटर घाल. बोटं गारठली की ब्रेक उशिरा दाबला जातो. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लाव. वळणात लावलास तर टायरची पकड दोन कामांत वाटली जाते आणि सायकल बाहेर घसरते. बाहेरचा पाय खाली, वजन त्यावर, नजर वळणाच्या शेवटाला. तुझे रिम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाची कडा (रिम) दाबणारे, तेव्हा ब्रेक दाबून धरत सहाशे मीटर उतरायचं नाही: रिम तापतो, आतली ट्यूब फुटू शकते. दाब, वेग तोड, सोड, पुन्हा दाब. पुढचा आणि मागचा दोन्ही; फक्त मागच्यावर भिस्त ठेवलीस तर चाक लॉक होऊन घसरतं. ब्रेकच्या पॅडवरच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर नवे पॅड घाल आणि ते बसायला आधी सिंहगडाच्या रस्त्यावर एकदा उतरव.

अंतर मोठं ठेव. चाळीसच्या वेगाने सेकंदाला अकरा मीटर जातात आणि मेंदूला हात हलवायलाच एक सेकंद लागतो. वीस मीटर मोकळे असू देत. खालून एसटी येत असेल तर हेअरपिनवर ती पूर्ण रस्ता घेते, ड्रायव्हरला दुसरा इलाजच नसतो. वळणाच्या अलीकडे डावीकडे थांब, तिला जाऊ दे. वळण आतून कापायचं नाही, रस्ता रिकामा दिसला तरी.

पॅडचं आणि कॅसेटचं काम या आठवड्यातच करून घे. दिवाळीच्या तोंडावर सायकलवाल्यांकडे गर्दी असते आणि घाईत बसवलेला ब्रेक मला चालणार नाही. दात मोजलेस की कळव.

तुझा,
दादा