गुळाची आमटी आणि टस्कनीची लाल वाइन

प्रश्न : मुलाने इटलीहून 'सुपर टस्कन' म्हणतात ती लाल वाइन आणली आहे. लेबलवर 'तोस्काना आयजीटी' आणि सांजोवेसे, काबर्ने सोव्हिन्यों, मर्लो अशी द्राक्षांची नावं आहेत. अल्कोहोल 14 टक्के. अशीच एक बाटली मागे उघडली तेव्हा मटणाबरोबर घसा जळला, आमटी-भाताबरोबर तर ती चक्क कडू लागली. बाटली खराब होती का? येत्या रविवारी सहा जण जेवायला आहेत.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : बाटली बहुधा चांगलीच होती. घात केला तो गुळाने, तिखटाने आणि घरातल्या उकाड्याने.

या वाइनमध्ये टॅनिन भरपूर असतं. कच्ची सुपारी चघळल्यावर तोंड कोरडं पडतं, तोच हा तुरटपणा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून जीभ खरखरीत होते. घासात मटणाची चरबी आणि प्रथिनं असली की ते त्यांना धरतं आणि वाइन मऊ लागते. गोडाचं मात्र उलट. आमटीतला गूळ जिभेवर असताना वाइनमधलं फळ गायब होतं, उरतो आंबट-कडूपणा. मिरचीची आग अल्कोहोलने आणखी भडकते, म्हणून घसा जळला.

तेव्हा जेवणाचा बेत बदला, वाइन बदलायला नको. एक किलो मटणाचं सुकं करा : भाजलेलं सुकं खोबरं, तळलेला कांदा, धणे, मिरं. रंगासाठी पाच-सहा ब्याडगी मिरच्या पुरेत, लवंगी अजिबात नको. चिंच-गूळ टाळा, मीठ मात्र हात आखडून घालू नका. मिठाने तुरटपणा दबतो. टोमॅटो चालेल, कारण सांजोवेसे मुळात आंबटसर द्राक्ष आहे. टोमॅटोतला खिमा म्हणूनच तिच्याशी छान जमतो. शाकाहारी मंडळींसाठी निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं लसणीचं भरीत करा. भरली वांगीही चालतील, पण गूळ वगळून आणि दाण्याचं कूट सढळ हाताने घालून. (गुळाशिवाय भरली वांगी कसली, असं कुणी म्हणालं तर त्याच्या ताटाशेजारी ताक ठेवा.) आमटी करायचीच असेल तर वाइन संपल्यावर भाताबरोबर वाढा.

'खोलीच्या तापमानाला' प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. पुण्यात खोली 30 अंशांवर असते आणि तेवढ्या उष्णतेत नाकात फक्त अल्कोहोल जातो. वाइन 16 ते 18 अंशांवर हवी. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, फार गार झाली तर टॅनिन आणखी टोचतं. मग उघडून काचेच्या रुंद जगमध्ये ओता आणि अर्धा-पाऊण तास हवा लागू द्या. नुसतं बूच काढून ठेवल्याने काही होत नाही, बाटलीच्या तोंडाशी हवा लागते ती जेमतेम रुपयाएवढ्या जागेला. 750 मिलीत दीडशे मिलीचे पाचच पेले होतात. सहा जणांना सव्वाशे मिली.

लेबलवरचा 'आयजीटी' हा वाइनचा प्रदेश सांगणारा वर्ग; त्याचा अर्थ दुय्यम दर्जा, असं समजू नका. एके काळी कियांती या टस्कनीतल्या लाल वाइनमध्ये पांढरी द्राक्षं मिसळण्याचा नियम होता. तो धुडकावून किंवा परकी द्राक्षं वापरून काही उत्पादकांनी आपल्या उत्तम वाइन साध्या 'टेबल वाइन' म्हणून विकल्या; त्यांनाच 'सुपर टस्कन' म्हणू लागले. 1971च्या द्राक्षांची 'तिन्यानेल्लो' त्यातली. टस्कनीच्या किनाऱ्याजवळच्या बोल्गेरीची 'सासिकाया' त्याआधीची, 1968ची, तीही टेबल वाइन म्हणूनच विकली गेली. अशा वाइनना सामावणारा आयजीटी हा वर्ग आला 1992च्या कायद्याने.

प्रश्न : हीच वाइन तळलेल्या सुरमईबरोबर चालेल?
— एक वाचक, औंध

उत्तर : नको. लाल वाइनमधल्या लोहामुळे मासा लोखंडी पळीसारखा लागतो. सुरमईला आपल्या नाशिकची सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाइन घ्या.

प्रश्न : उरलेली वाइन किती दिवस टिकते?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : बूच घट्ट बसवून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर तीन-चार दिवस. प्यायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढा. न उघडलेली बाटली गॅसवरच्या कपाटात कधीही ठेवू नका. एप्रिल-मेच्या उष्णतेने वाइन फुगून बूच वर सरकतं, कडेने ओघळ येतो आणि चव शिजलेल्या मनुकांसारखी होते. ती मग सुधारत नाही.