नाताळात सेशेल्सला शिडाची बोट भाड्याने घेऊन आठ जणांनी जायचंय. आधी बोट ठरवू की विमान?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सहा मोठे, दोन मुलं, त्यात सासूबाई ६८ वर्षांच्या. २४ डिसेंबर ते २ जानेवारी. बोट फक्त घरच्यांसाठी, अनोळखी माणसं नकोत. शीड हाकता कोणालाच येत नाही.

बोट आणि विमान दोन्ही जरा बाजूला ठेवा. आधी आठवडा ठरवा.

मी सेशेल्सला बोटीने दोनदा फिरले. पहिल्यांदा नाताळात, सासरच्या सगळ्या गोतावळ्यासह. दुसऱ्यांदा तीन वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत. बेटं तीच, बोटही त्याच मापाची. पहिल्या वेळी कितीतरी जास्त पैसे मोजले आणि समुद्र डावा मिळाला. तेव्हा कळलं की तिथला डिसेंबरअखेर हा गर्दीचा हंगाम आहे, हवेचा नव्हे. युरोपात थंडी पडते, शाळांना सुट्ट्या लागतात, म्हणून भाव चढतात. वाऱ्याला नाताळाचं काही देणंघेणं नसतं.

तिथलं वेळापत्रक असं. डिसेंबर ते मार्च वायव्येचा वारा: दमट, एरवी मंद, पण मधूनच सर घेऊन अंगावर येणारा. माहे या मुख्य बेटावर सगळ्यांत जास्त पाऊस जानेवारीत पडतो. आपल्या झडीसारखा तो रोज लागून राहील असं नाही, बहुतेकदा तासभर झोडपून निघून जातो. पण कधी दोन-दोन दिवस आभाळ उघडत नाही, आणि मग बोटीवरची आठ माणसं म्हणजे चाळीतल्या दोन खोल्यांतली आठ माणसं, वर जमीन हलती. मे ते ऑक्टोबर आग्नेयेचा वारा: कोरडा, दमदार, जुलै-ऑगस्टात तर वीस नॉटच्या, म्हणजे ताशी सदतीसेक किलोमीटरच्या आसपास. शीडवाल्यांची चैन, पोटवाल्यांचे हाल. या दोहोंच्या मधे, एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात, वारा कूस बदलतो. तेव्हा पाणी तळ्यासारखं पडून असतं आणि नांगर कुठे रुतलाय ते वरून दिसतं. शीड कमी आणि इंजिन जास्त चालतं हे खरं, पण तुमच्यात शीडवालं कोणीच नाही, मग त्याचं दुःख कशाला?

आपली दिवाळी बरोबर या फटीत पडते. मुलांना शाळा नसते, मुंबईहून माहेला थेट विमान साडेचार तासांच्या आसपास पोचतं आणि घड्याळ फक्त दीड तास मागे करावं लागतं. माझा पहिला सल्ला हाच: जमत असेल तर दिवाळीत जा.

नाताळाशिवाय सुट्टीच मिळत नसेल तर दुसरा सल्ला ऐकून रागवू नका. सेशेल्सऐवजी थायलंडमधल्या फुकेतचा विचार करा. तिथे नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ, म्हणजे डिसेंबरात गर्दी आणि हवा एकत्र येतात. जास्तीच्या पैशांचं काहीतरी मोल मिळतं. पूर्वेकडचा फांग-न्गाचा उपसागर बराच आडोशाचा आहे, चुनखडीचे उभे सुळके पाण्यातून वर आलेले, एका मुक्कामाहून दुसरा दोन-तीन तासांवर. सासूबाईंसाठी मला तो जास्त पटतो. फक्त जवळच्या फी-फी बेटांवरची प्रसिद्ध पुळण, माया बे, तिथे आता बोट आत नेता येत नाही, मागच्या बाजूने उतरून चालत जावं लागतं. त्या एका जागेच्या फोटोवर सहल बेतू नका.

तरीही नाताळ आणि सेशेल्सच, असं ठरलं तर पुढचं वाचा.

बोट दोन सांगाड्यांची घ्या, म्हणजे कॅटमरान. कोकणातली उलांडीची होडी पाहिली असेल, हिशेब तोच: पसारा रुंद म्हणून कलंडणं कमी. चार खोल्यांची कॅटमरान आठ जणांना पुरते असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. पण तुम्हाला तांडेल, म्हणजे बोट हाकणारा माणूस लागणार, आणि तो झोपणार कुठे? हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. नाळेत, अगदी टोकाला, वरच्या झाकणातून उतरायची एक कोठी असते. माणूस तिथे झोपू शकतो, पण पाऊस आला की झाकण लावावं लागतं आणि आत भट्टी. आमचा तांडेल तिसऱ्या रात्रीपासून बाहेरच्या बाकावर झोपायला लागला, आणि पहाटे चहाला उठणाऱ्या सासऱ्यांची व त्याची दोस्ती झाली ती झालीच. तुम्ही मात्र बुकिंगच्या आधी लेखी विचारा: तांडेलाची खोली वेगळी आहे का, आणि परवान्यावर माणसं किती लिहिली आहेत. बरोबर स्वयंपाकीण घेणार असाल तर आणखी एक जागा धरा. सरळ पाच-सहा खोल्यांची बोट घ्या किंवा एक जोडपं कमी करा.

नाताळासाठी बोटी नऊ-दहा महिने आधीच जायला लागतात. उशीर झाला तर बोट मिळत नाही असं नाही, उरलेली बोट मिळते. त्या दोन्हींत फरक काय, ते सांगते.

आमच्या बोटीवरचं खारं पाणी गोडं करायचं यंत्र पहिल्याच दिवशी बंद निघालं. कंपनीचं नाव घेत नाही. ‘उद्या माणूस पाठवतो’ म्हणाले. उद्या होता २५ डिसेंबर. सेशेल्स कॅथलिकबहुल देश, त्या दिवशी सगळं बंद. टाकी सातशे लिटरची. आठ माणसं, माणशी तीस लिटर धरलं तरी रोजचे दोनशे चाळीस. तीन दिवसांत खडखडाट. मग दीर वहीत आंघोळी मांडायला लागला. समुद्रात डुंबायचं, साबण तिथेच लावायचा, वर आल्यावर एक तांब्या गोडं पाणी. मुलांना धमाल वाटली, जाऊबाईंना नाही. भांडी खाऱ्या पाण्यात घासून शेवटचा हात गोड्या पाण्याचा. लक्षात ठेवा, तिथे १ आणि २ जानेवारी दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी असते. म्हणजे तुमच्या दहा दिवसांत काही बिघडलं तर दुरुस्तीचे दिवस मोजकेच. बोट ताब्यात घेताना निघायची घाई करू नका. पाण्याचं यंत्र, जनरेटर, फ्रिज, छोट्या होडीचं इंजिन, नांगराची मोटर, सगळं स्वतःसमोर चालवून घ्या. आधीचे ओरखडे मोबाइलवर टिपून ठेवा, अनामत रक्कम काही हजार युरोंची असते.

मार्गाबद्दल. बोटी बहुतेक माहेच्या ईडन बेटावरून सुटतात. तिथून प्रालँ हे दुसरं मोठं बेट साधारण ४५ किलोमीटर, म्हणजे चार-पाच तास. दिशा ईशान्येची, त्यामुळे वायव्येचा वारा जाताना डाव्या कुशीवर आणि येताना उजव्या कुशीवर लागतो. शिडाला हा सोयीचा वारा. भाड्याच्या बोटींना रात्री चालायची मुभा नसते. विषुववृत्त जवळ असल्याने बारा महिने सूर्य साडेसहाच्या आगेमागे बुडतो, तेव्हा चार-पाचला नांगर पडलेला हवा. माहे-प्रालँ हा टप्पा सोडला तर रोज दोन-तीन तासांपेक्षा जास्त प्रवास आखू नका.

आणि इथे वारा पुन्हा आडवा येतो. सगळ्या याद्यांमध्ये पहिलं नाव असतं प्रालँच्या आन्स लाझिओचं. ती पुळण वायव्येला तोंड करून आहे. मे ते ऑक्टोबरच्या आग्नेय वाऱ्यात ती शांत. डिसेंबरात लाटा थेट आत येतात. आम्ही हट्टाने तिथे रात्र काढायची ठरवलं. तांडेल नको म्हणत होता, पण पैसे आपण दिलेत ना! रात्री एकला सर आली. आधी डोलकाठीवरच्या दोऱ्या टकटक वाजायला लागल्या, मग साखळीचा खर्रर आवाज, मग शेजारच्या बोटीचा दिवा हळूहळू आमच्याकडे सरकताना दिसला. तिचा नांगर सुटला होता. आमच्या तांडेलाने नुसत्या चड्डीवर पुढे जाऊन टॉर्च मारत आरडाओरडा केला, तेव्हा त्या लोकांना जाग आली. फार तर दोन बोटींचं अंतर उरलं होतं. सकाळी तो काही बोलला नाही, फक्त निघायची वेळ विचारायच्या ऐवजी सांगायला लागला. तुम्ही पहिल्याच दिवशी त्याला सांगून टाका: यादी आमची, पण नांगर कुठे टाकायचा ते तुम्ही ठरवायचं.

डिसेंबरात प्रालँ आणि शेजारचं क्युरियूझ बेट यांच्यामधला पट्टा बरा. क्युरियूझवर मोठाली कासवं मोकळी हिंडतात, मान खाजवली की लांब करून उभी राहतात. मुलं तिथून हलणार नाहीत. शेजारी सें-पिएर हा चार खडकांचा ठिपका, मुखवटा लावून मासे बघायला उत्तम. ला दीग बेटाचं बंदर अगदी चिमुकलं आहे, सुट्टीत दुपारपर्यंत भरून जातं, म्हणून सकाळीच पोचा. मग सायकली. तिथल्या दक्षिण-पूर्वेच्या पुळणी, ग्रांद आन्स वगैरे, या दिवसांत त्या मानाने शांत असतात. कुझँ हे पक्ष्यांचं राखीव बेट; तिथे तुमची होडी किनाऱ्याला लावता येत नाही, त्यांचीच होडी येऊन नेते, उंदीर-किडे बेटावर जाऊ नयेत म्हणून.

प्रालँवर व्हॅले द मे हे ताडांचं रान चुकवू नका. १९८३पासून जागतिक वारसा. फकिराच्या हातातला काळा कटोरा पाहिलाय ना? तो दर्याचा नारळ. शतकानुशतकं आपल्या किनाऱ्यांना तो वाहत येऊन लागायचा आणि हे फळ समुद्राच्या तळाशी पिकतं अशी समजूत होती. झाड सापडलं ते इथे. विकत घेतलात तर परवान्याचा कागद घ्या, नाहीतर विमानतळावर काढून घेतील.

सासूबाईंचं. बोटीवर त्यांना त्रास होणार नाही, होईल तो छोट्या होडीतून पुळणीवर उतरताना. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखरे. पहिल्या दिवशी त्या होडीच्या पुढून, वाळूच्या बाजूने उतरायला गेल्या, मागून लाट आली आणि होडीच त्यांच्या पोटऱ्यांवर आली. पुढे कधीच उतरायचं नाही, होडी आणि वाळू यांच्यामधे माणूस नको. दुसऱ्या दिवसापासून तांडेल कमरेइतक्या पाण्यात आधी उतरायचा, होडी धरायचा, तीन लाटा जाऊ द्यायचा आणि मग ‘नाऊ, ममा!’ म्हणायचा. त्या पदर खोचून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाजूने उतरायच्या. जिथे धक्का आहे तिथे धक्क्यालाच लावायला सांगा, आणि ज्या पुळणीवर लाट फुटतेय तिथे त्यांना बोटीवरच पुस्तक देऊन बसवा.

खाण्याची काळजी नको. व्हिक्टोरिया या राजधानीत तमिळ दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या आहेत, डाळ-तांदूळ-मसाले मिळतात. शहरात गणपतीचं देऊळसुद्धा आहे, बोटीवर जायच्या आधी आम्ही तिथे नारळ फोडला. भाज्या बऱ्याच आयात केलेल्या, त्यामुळे महाग, मासळी ताजी. ताजी फळं, भाज्या, रोपं इथून नेऊ नका, तपासणी असते. पोहे आणि भाजणीचं पीठ न्या. हलत्या बोटीवर कढईत तेल तापवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम एका भज्यांच्या दुपारनंतर झाला.

कागदपत्रं: व्हिसा नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-परवानगी सगळ्यांना घ्यावी लागते. बोटीच्या भाड्याव्यतिरिक्त तांडेलाचा रोज आणि जेवण, इंधन, सफाई, सागरी उद्यानांची फी, अनामत किंवा तिचा विमा, एवढं अंदाजात धरा. पैसे परदेशी पाठवताना ठरावीक मर्यादेच्या वर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापते, तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो, पण तेवढी रक्कम हातात लागते. प्रवास विम्यात बोटीवरचा मुक्काम धरलाय का ते वाचून घ्या.

सामान मऊ पिशव्यांतच भरा. बोटीवर कडक सुटकेस ठेवायला जागाच नसते. आमच्या चार सुटकेसा आठवडाभर सासऱ्यांच्या पायथ्याशी होत्या.