नांदते म्हणजे ‘राहते’ नव्हे

बहिणाबाई चौधरींच्या ‘लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते’ या ओळींतल्या ‘नांदते’चा अर्थ एका वाचक भगिनीने विचारला आहे. ही त्यांच्या आईची आवडती कविता. मुलीला समजावताना त्यांनी ‘नांदते म्हणजे राहते’ असे सांगितले. मुलगी म्हणाली, ‘मग राहते असंच का नाही म्हटलं?’

मुलीचे बरोबर आहे. ‘राहणे’ हा अर्थ कोशात सापडेल, तिथे थांबायचे कारण नाही. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘नांदायला येत नाही’, ‘नांदायला यावे म्हणून नोटीस’ अशा कज्ज्यांच्या भाषेत हा शब्द पार कोमेजला आहे. त्यापुढचा कहर म्हणजे ‘नांदणे म्हणजे निमूट सोसणे’. हा अर्थ मी याच कवितेच्या रसग्रहणात ऐकला आहे!

नांदणे आले ते संस्कृत ‘नन्द्’वरून. नन्द् म्हणजे आनंदणे. आनंद, नंदन, नाटकाची नांदी ही सगळी एकाच घरची माणसे. बन्ध्‌चे बांधणे झाले, तसेच नन्द्‌चे नांदणे. आधी आनंदणे, मग आनंदाने राहणे, आणि शेवटी झिजून नुसते राहणे. पण मूळचा आनंद पुरता गेलेला नाही. घरात लक्ष्मी नांदते, शांतता नांदते. पाहुणा मात्र चार दिवस राहतो, नांदत नाही. ‘अठराविश्वे दारिद्र्य नांदते’ हे उदाहरण माझ्या तोंडावर फेकणारे आहेतच. त्यांना एवढेच सांगते की लक्ष्मीची जागा दारिद्र्याने घेतली, हे बोचावे म्हणूनच तिथे तो शब्द आहे. ‘राहते’ म्हणून पाहा, सगळी धार जाते.

आता नणंद. संस्कृत ‘ननान्दृ’. जुने वैयाकरण त्याची फोड ‘न नन्दति’ अशी करतात, म्हणजे जी आनंदत नाही ती. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ ही फोड मोडीत काढतात आणि शब्दाचे नाते ‘नना’ या बाळबोलीतल्या शब्दाशी जोडतात. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात ‘नना’ म्हणजे आई, आणि ती दगडावर धान्य दळते आहे. जात्यावर गाणी रचणाऱ्या बहिणाबाईंच्या संदर्भात हे वाचून मी क्षणभर विरघळले, हे खरे. तरीही माझा कौल वैयाकरणांना. नांदायला आलेली आणि न नन्दणारी एकाच उंबऱ्याच्या आत ठेवणारी फोड नियमांपुढे टिकत नसेल, पण शतकानुशतके बायकांना ती पटलेली आहे. तो पुरावा बाळबोलीपेक्षा हलका का मानायचा?

‘माहेर’ मात्र वादातीत: मातृगृह, प्राकृतात माइहर. हिंदीत ‘पीहर’ आहे, म्हणजे बापाचे घर. मराठीने बापाला शब्दात घेतलेच नाही. सातबारा कुणाच्याही नावावर असो, शब्दात घर आईचे आहे. म्हणून ‘माहेर म्हणजे पित्याचे घर’ असा अर्थ लिहिणाऱ्यांनी तो शब्द एकदा मोठ्याने उच्चारून पाहावा.

हे घेऊन कवितेकडे या. योगी सासुरवाशिणीला विचारतो, सदा ओठी माहेराचे गाणे, मग सासरी आलीस कशाला? ती सांगते, मातीला डोहाळे लागलेत, पोटी लेक येईल. आणि मग त्या दोन ओळी. आईचे सासर आणि लेकीचे माहेर ही एकाच घराची दोन नावे आहेत. आई त्या घरात नुसती राहिली, दिवस ढकलले, तर लेकीला परतायला चार भिंती उरतील. आई तिथे नांदली तर त्या भिंतींचे माहेर होईल. माझी आई ही ओळ म्हणताना ‘सासरी’नंतर जरा थांबायची, आणि ‘नांदते’ एकटेच, सावकाश यायचे. ती कशासाठी थांबत होती, ते मला फार उशिरा कळले.

तेव्हा मुलीला ‘राहते’ सांगू नका. तिच्या आजीने ‘नांदते’ कसे म्हटले, ते म्हणून दाखवा.