काउबला ६२ सेंटिमीटर, मग जहाज चालणार कसे?
(वाचकांचे प्रश्न : प्रवास)

युरोपातल्या नदी-क्रूझविषयीची पत्रे या वेळी एकाच काळजीभोवती फिरत होती : नदीला पाणी कमी पडले किंवा जास्त झाले, तर आपल्या सहलीचे काय? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : सप्टेंबरअखेरची अ‍ॅमस्टरडॅम ते बाझल अशी ऱ्हाइनवरची आठ दिवसांची क्रूझ आम्ही बुक केली आहे. मुलगा रोज जर्मन संकेतस्थळाचा स्क्रीनशॉट पाठवतो. काल ‘काउब : ६२ सेंमी’ असा आकडा होता. दोन फूट पाण्यात एवढे मोठे जहाज कसे चालणार? पैसे बुडाले का? (पुणे)

उत्तर : ६२ सेंमी ही पाण्याची खोली नाही. ऱ्हाइनकाठच्या काउब या गावातल्या मोजपट्टीवरचा तो आकडा आहे, आणि मोजपट्टीचा शून्य नदीच्या तळाशी असतोच असे नाही. कोल्हापूरकरांना हे सांगावे लागणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, पण म्हणून पंचगंगा सगळीकडे तेवढी खोल असते असे कुणी मानत नाही.

काउबचा हिशेब असा आहे. मोजपट्टीवर सुमारे ७८ सेंमी असतात तेव्हा जहाजांसाठी आखलेल्या मार्गात किमान १.९० मीटर पाणी असते. म्हणजे आकड्यात ११२ मिळवायचे. ६२ सेंमी म्हणजे साधारण १.७४ मीटर, ४० सेंमी म्हणजे १.५२ मीटर. ऑक्टोबर २०१८ मध्ये हा आकडा २५ पर्यंत उतरला होता, म्हणजे मार्गात १.३७ मीटर पाणी.

आता जहाजाकडे वळू. नदी-क्रूझच्या जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली राहणारा भाग, बहुधा १.५ ते १.८ मीटर असतो. त्याखाली वीस-तीस सेंमी मोकळे पाणी हवे. उथळ पाण्यात जहाज वेगात चालले की ते खाली ओढले जाते. खलाशी त्याला स्क्वॉट म्हणतात, आणि म्हणूनच कप्तान अशा जागी वेग अगदी कमी ठेवतो. थोडक्यात, १.७४ मीटर पाण्यात दीड मीटर ड्राफ्टचे जहाज सावकाश निघून जाईल, १.७ मीटरचे अडेल. तुमच्या जहाजाचा ड्राफ्ट कंपनीला ईमेलने विचारा. हा आकडा गुप्त नसतो.

‘प्रवासी उतरवून जहाज हलके करतात’ असे अनेकांना वाटते. त्याने फरक जवळजवळ पडत नाही. ११० मीटर लांब आणि ११.४ मीटर रुंद जहाज फक्त एक सेंमी वर यायला ११-१२ टन वजन उतरवावे लागते. १४० प्रवासी सामानसुमानासह जेमतेम १४ टन भरतात. खरे वजन पिण्याच्या पाण्यात, सांडपाण्यात, इंधनात आणि तोल राखायला भरलेल्या पाण्यात असते. टाक्या कमी भरून पाच-दहा सेंमी मिळवता येतात. एखाद्या दिवशी शॉवर जपून वापरायची सूचना आली, तर त्यामागे हे कारण असू शकते.

आणि आजच्या आकड्यावर सप्टेंबरअखेरचा निकाल लावू नका. चार दिवसांपर्यंतचा अंदाज भरवशाचा असतो. सहा आठवड्यांचाही अंदाज प्रसिद्ध होतो, पण तो शक्यता सांगणारा आहे. ‘जाणार की नाही’ हे त्यावरून ठरवू नये.

प्रश्न : मी फ्रँकफर्टला राहतो. आई-बाबा सांगलीहून येणार आहेत आणि त्यांच्यासाठी डॅन्यूबची क्रूझ पाहतोय. कुठल्या ठिकाणची पातळी पाहायची?

उत्तर : ते जहाज कुठून कुठे जाते यावर आहे, आणि बुकिंगआधी पाहायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. जर्मनी-ऑस्ट्रियात डॅन्यूबवर जागोजागी बंधारे आणि लॉक (जहाजाला एका पातळीवरून दुसरीवर चढवणारे-उतरवणारे दरवाजांचे हौद) आहेत. लॉकमधल्या पट्ट्यात पातळी राखता येते. अडचण मोकळ्या वाहणाऱ्या पट्ट्यांत येते. सर्वांत त्रासदायक पट्टा बव्हेरियात श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन, सुमारे ६९ किलोमीटरचा. तिथल्या मोजपट्ट्या फेलिंग आणि होफकिर्शन. ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्यासाठी कीनश्टोक आणि व्हिएन्नाच्या खालच्या भागासाठी विल्डुंग्समाउअर पाहा. जर्मन आकडे ‘पेगेलऑनलाइन’ आणि ‘एल्विस’वर, ऑस्ट्रियाचे ‘डोरिस’वर मिळतात. तिन्ही संकेतस्थळे फुकट आहेत.

आमचा सल्ला : पासाउ ते बुडापेस्ट आणि परत, अशी फेरी घ्या. पासाउ हे फिल्सहोफेनच्या खाली आहे, त्यामुळे तो ६९ किलोमीटरचा पट्टा वाटेत येतच नाही. न्युरेम्बर्ग ते बुडापेस्ट किंवा अ‍ॅमस्टरडॅम ते बुडापेस्ट ही सहल जाहिरातीत भारी दिसते, पण तिला तो पट्टा ओलांडावाच लागतो.

ऱ्हाइनचेही असेच. बाझलपासून इफेट्सहाइमपर्यंत दहा लॉक आहेत. त्याखाली थेट नेदरलँड्सपर्यंत नदी मोकळी आहे. बाझल-स्ट्रासबुर्ग भागात कोरड्या वर्षीही जहाजे चालतात आणि किल्ल्यांचा प्रसिद्ध भाग, म्हणजे बिंगेन ते सांक्ट गोआर, नेमका अडतो.

प्रश्न : पाणी कमी असले की जहाज थांबते हे समजले. पण पूर आला तरी थांबते म्हणे. जास्त पाणी असेल तर उलट चांगले नाही का? (नागपूर)

उत्तर : जहाजाला खाली जागा लागते तशी वरही लागते. नदी-क्रूझचे जहाज सगळे आवरून पाण्यावर साधारण सहा मीटर उंच असते. ऱ्हाइन आणि डॅन्यूबला जोडणारा माइन-डॅन्यूब कालवा १९९२ मध्ये पुरा झाला. त्याच्या पुलांखाली सहा मीटरच जागा आहे. म्हणून या जहाजांची कप्तानाची केबिन हायड्रॉलिकवर खाली उतरते, वरच्या डेकचे कठडे आडवे पडतात, छत्र्या आणि खुर्च्या आवरतात. अशा वेळी डेक बंद असतो आणि वर जाऊ देत नाहीत म्हणून भांडू नये. पुलाखाली डोके आपटून लोक जखमी झाले आहेत.

पातळी एक मीटर वाढली की पुलाखालची जागा एक मीटरने कमी होते. थोडे कमी पडत असेल तर टाक्यांत पाणी भरून जहाज मुद्दाम खाली बसवतात. पण वरचाच हिशेब इथे लावा. वीस सेंमी बसवायला सव्वादोनशे टनांच्या पुढे पाणी लागते. अर्धा मीटर कमी पडला तर हा उपाय चालत नाही.

दुसरे कारण सरकारी बंदीचे. काउबला ४.६० मीटरला पहिली खूण लागते. मग वेगावर मर्यादा येते आणि जहाज काठापासून दूर, नदीच्या मधून न्यावे लागते. ६.४० मीटरला दुसरी खूण लागली की वाहतूक बंद, कंपनी कितीही मोठी असो. डॅन्यूबवर पासाउला ही बंदीची पातळी ७.८० मीटर आहे. जून २०१३ च्या पुरात तिथे १२.८९ मीटर पाणी चढले होते आणि बुडापेस्टला त्याच पुरात ८.९१ मीटर. तेव्हा बुडापेस्टचे खालचे घाट आणि त्यांवरचे रस्ते पाण्याखाली होते. जहाज पोचले असते तरी माणसे उतरवायची कुठे?

तरीही आमच्या मते क्रूझसाठी पुरापेक्षा दुष्काळ वाईट. पूर बहुधा चार-सहा दिवसांत ओसरतो. कमी पाणी आठवडेच्या आठवडे हटत नाही.

प्रश्न : ‘शिप स्वॅप’ म्हणजे नक्की काय करतात? आम्ही दोघेही सत्तरीचे, गुडघे दुखतात आणि जेवण जैन पद्धतीचे लागते. (मुंबई)

उत्तर : अडलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकाच कंपनीची दोन सारखी जहाजे असतात. एक वरून खाली येते, दुसरे खालून वर जाते. मधल्या जागेत दोघांचे प्रवासी बसने अदलाबदल करतात. तुमचे जहाज कोलोनला थांबले, तर तुम्ही बसने माइन्त्स किंवा मानहाइमला जाल आणि तिथे दुसऱ्या जहाजात तोच खोली क्रमांक मिळेल. आदल्या संध्याकाळी सूचना येते. सकाळी बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या. त्या ट्रकने वेगळ्या जातात आणि कधी कधी तुमच्यानंतर तीन-चार तासांनी पोचतात. म्हणून औषधे, पासपोर्ट, चष्मा, एक जोड कपडे आणि थोडा खाऊ हातातल्या पिशवीत ठेवा. बसप्रवास दोन ते पाच तासांचा असतो. साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटे विश्रांती देण्याची तिथे कायद्याने सक्ती आहे. त्यामुळे मधे थांबा होतोच.

फसते ते जेवणात. जैन जेवणाची नोंद पहिल्या जहाजाच्या स्वयंपाकघरात असते. ती दुसरीकडे पोचेलच असे धरू नका. नव्या जहाजावर पाय ठेवल्याबरोबर रेस्टॉरंट मॅनेजरला भेटून कांदा, लसूण, बटाटा वगळायचे लेखी द्या. शक्यतो इंग्रजी चिठ्ठी घरूनच करून न्या.

गुडघ्यांचे म्हणाल, तर पाणी उतरल्यावर धक्क्यावरून जहाजात जायची फळी तीव्र उताराची होते. गर्दीच्या धक्क्यावर जहाजे शेजारी शेजारी बांधतात. मग दुसऱ्याच्या लॉबीतून, कधी त्याच्या वरच्या डेकवरून जिने चढून-उतरून काठावर जावे लागते. लिफ्ट बहुधा डेकपर्यंत जात नाही. आणि मुक्काम धक्क्यावरच असेल, तर महागड्या बाल्कनीतून शेजारच्या जहाजाची भिंत दिसते.

अदलाबदलीत किल्ल्यांचा भाग हुकला, तर मोकळ्या दिवशी लोकल रेल्वे पकडा. ऱ्हाइनच्या दोन्ही काठांनी रूळ आहेत. कोब्लेंत्सहून डाव्या काठाने बिंगेनकडे किंवा उजव्या काठाने रूडेसहाइमकडे जाताना खिडकीतून जवळजवळ सगळे किल्ले दिसतात.

प्रश्न : कोणत्या महिन्यात गेलेले बरे? (ठाणे, नाशिक, औरंगाबाद)

उत्तर : आल्प्सचा बर्फ वितळतो तोवर ऱ्हाइनला आधार असतो. मे ते जुलै ठीक, ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर टंचाईचा काळ, डिसेंबर ते मार्च पावसाच्या पुरांचा. डॅन्यूबला मे-जूनमध्ये पुराची आणि शरदात टंचाईची शक्यता. अपवाद होतात. सप्टेंबर २०२४ मध्ये डॅन्यूबला मोठा पूर आला होता. आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी ऱ्हाइनला जमते. दिवाळीची सुट्टी मात्र नेमकी टंचाईत येते. दिवाळीतच जायचे असेल, तर सगळीकडे लॉक असलेली नदी घ्या : मोझेल, माइन, फ्रान्सची सेन किंवा पोर्तुगालची दुरो.

प्रश्न : पाच दिवस बसनेच फिरवले. कंपनी म्हणते, कार्यक्रम बदलण्याचा हक्क आमचा. हे खरे का? (कल्याण)

उत्तर : करारात ते कलम बहुधा असते, पण त्याने विषय संपत नाही. सहल युरोपातल्या ग्राहकांसाठी विकलेले पॅकेज असेल, तर तिथल्या नियमांप्रमाणे न मिळालेल्या सेवेपुरती किंमत परत मागता येते. भारतातल्या एजंटकडून घेतली असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी कागद लागतात. छापील कार्यक्रम, रोजच्या बदलाची सूचना (खोलीत ठेवतात तो कागद टाकू नका), बसचे फोटो, आणि त्याच दिवशी जहाजावरून पाठवलेला ईमेल. परतल्यावर महिन्याने लिहिलेले पत्र लंगडे पडते.

प्रवास विम्यावर विसंबू नका. आपल्याकडच्या पॉलिसीत सहल रद्द होण्याची कारणे मोजून दिलेली असतात आणि नदीची पातळी सहसा त्यांत नसते. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच ईमेलने विचारा : किती रात्री जहाजाऐवजी हॉटेलात काढाव्या लागल्या तर किती परतावा? सहल निघण्याआधी रद्द केली तर पैसे परत की पुढच्या सहलीचे कूपन? उत्तर ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ असे आले, तर दुसरीकडे चौकशी करा.

व्हिसाबद्दल एक. डॅन्यूबच्या खालच्या भागात सर्बिया लागतो आणि तो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तिकडे जायचे असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचाच घ्या. एका प्रवेशाच्या व्हिसावर सर्बियातून परत आत येता येणार नाही, जहाजाने नाही आणि बसनेही नाही.

प्रश्न : नाइलवरही असेच होते का? (सोलापूर)

उत्तर : फारसे नाही. लक्सर ते आस्वान या पट्ट्यात पाणी आस्वानच्या उंच धरणातून सोडले जाते. डिसेंबर-जानेवारीत शेतीला पाणी कमी लागते म्हणून विसर्गही कमी असतो. तेव्हा जहाजे काही ठिकाणी जपून चालतात. खरा वेळ जातो तो एस्नाच्या लॉकपाशी रांगेत.

प्रश्न : आपल्या गंगेवरच्या क्रूझचे काय? (रत्नागिरी)

उत्तर : हल्दिया ते प्रयागराज हा १,६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला निघालेल्या ‘गंगा विलास’चा ड्राफ्ट १.४ मीटरच ठेवला होता, कारण वरच्या भागात खोली कमी. हल्दिया ते बिहारमधले बाढ तीन मीटर खोलीचे उद्दिष्ट आहे, गाझीपूर ते वाराणसी २.२ मीटरचे. काउबच्या आसपास ऱ्हाइनचा तळ खडकाळ, त्यामुळे उथळ जागा माहीत असतात. गंगेचा तळ वाळूचा, आणि पावसाळ्यानंतर मार्ग दरवर्षी सरकतो. म्हणून बांबू आणि चटयांचे तिरके पडदे नदीत उभारतात. त्यांना बँडल म्हणतात. प्रवाह मधे लोटला जातो आणि पाणी स्वतःच वाळू खरवडून वाट खोल करते.

पाणी नोव्हेंबरपासून उतरत जाते. वाराणसी-पाटणा भाग पाहायचा तर नोव्हेंबर-डिसेंबर बरा. मार्चनंतर कोलकाता ते मुर्शिदाबाद एवढाच टप्पा घ्या. आणि वेळापत्रकात थोडी सूट धरा : उत्तर प्रदेश-बिहारमध्ये पावसाळा संपला की नदीवर पिप्यांचे तात्पुरते पूल घालतात. जहाज आले की त्यातले काही पिपे सोडवून वाट करावी लागते, आणि तोवर दोन्ही काठांवर ट्रॅक्टर, मोटारसायकली ताटकळत असतात.