अ‍ॅस्करवेन: माथ्यावर वेग जुळतो, वाऱ्याआड जुळत नाही

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅस्करवेन टेकडीच्या तुमच्या ओपनफोम (प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर) केसमध्ये माथ्यावरचा वेग मोजमापाशी जुळतोय, पण वाऱ्याआडच्या उतारावर वारा जास्त जोरात येतोय आणि सेपरेशन (प्रवाह जमिनीपासून सुटणं) दिसतच नाही. के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्स (प्रवाहातली खळबळ) मॉडेल बदलू का, असं विचारलंय. एवढ्यात नको. आधी डोंगर काढून टाका.

म्हणजे तेवढंच लांब, जमिनीलगत त्याच मेशचं (गणितासाठी पाडलेल्या सेलच्या जाळीचं) सपाट डोमेन चालवा. अ‍ॅस्करवेनला १० मीटरवर सुमारे ८.९ मी/से वेग आणि ०.०३ मीटर रफनेस लेंग्थ (जमिनीच्या खडबडीतपणाचं माप) धरली, तर कॅपा (उंचीनुसार वाढणाऱ्या वेगाच्या लॉग सूत्रातला स्थिरांक) ०.४१ ला घर्षणवेग (जमिनीवरच्या घर्षणाचं वेगातलं माप) ०.६३ च्या आसपास आणि के (टर्ब्युलन्सची ऊर्जा) साधारण १.३ येतो. डोंगराचा पायथा जिथे असता तिथे खालच्या चार-पाच सेलमध्ये हे आकडे टिकलेत का बघा. बहुतेक वेळा टिकत नाहीत. जमिनीलगतचा वारा वाटेतच वेग घेतो आणि त्या जादा जोरावर उतार उतरताना जमिनीला चिकटून राहतो. मग सेपरेशन कुठून येणार?

कारणं ठरलेली असतात. वरच्या सीमेवर नुसतं स्लिप (घर्षणाविना सरकू देणं) दिलं तर प्रोफाइल (उंचीनुसार वेगाची मांडणी) हळूहळू ढासळतं. तिथे शिअर स्ट्रेस (घर्षणाची ओढ) द्या, नाहीतर इनलेटच्याच (वारा आत येतो त्या सीमेच्याच) किमती बांधा. सिग्मा-एप्सिलॉन (मॉडेलचा एक स्थिरांक) १.३ ठेवलं तर लॉग प्रोफाइल समीकरणात बसत नाही, कॅपा ०.४१ आणि सी-म्यू (मॉडेलचा दुसरा स्थिरांक) ०.०९ ला ते १.१७ हवं. आणि जमिनीला अ‍ॅटमॉस्फेरिक रफ वॉल फंक्शन (जमिनीलगतच्या घर्षणाचं सूत्र) लावा, ते रफनेस लेंग्थ थेट घेतं. खडबडीतपणा वाळूकणांच्या उंचीत मागणाऱ्या सॉल्व्हरमध्ये (त्याचा रफनेस स्थिरांक ०.५ असेल तर) ही उंची रफनेस लेंग्थच्या वीसपट, म्हणजे इथे ०.६ मीटर होते. पहिल्या सेलचं केंद्र त्याच्या वर लागतं, म्हणून सेल किमान १.२ मीटर उंच. मेश बारीक करण्याच्या नादात हे हमखास मोडतं.

रिकामं डोमेन टिकलं की डोंगर परत आणा. वेगासाठी फर्स्ट-ऑर्डर अपविंड (आकडेमोडीची सगळ्यात साधी पद्धत) अजिबात नको, त्याचं कृत्रिम डिफ्यूजन (वेगातले फरक पसरून पुसट होणं) सेपरेशन पुसून टाकतं. एवढं करूनही वाऱ्याआड वेग जास्तच असेल, तर दोष खरोखर के-एप्सिलॉनचा आहे: समोरच्या उतारावर ते के फुगवतं, एडी व्हिस्कॉसिटी (भोवऱ्यांमुळे येणारा चिकटपणा) वाढते आणि प्रवाह सुटत नाही. मग एसएसटी (दुसरं टर्ब्युलन्स मॉडेल) घ्या, पण इनलेटचा ओमेगा (त्यात एप्सिलॉनच्या जागी येणारी राशी) नव्याने काढून आणि सपाट चाचणी परत करून. अ‍ॅस्करवेनच्या मागचं सेपरेशन अधूनमधून होणारं आहे. रेसिड्युअल (गणितात उरलेली चूक) एका पातळीवर हेलकावत राहिले तर ते दाबू नका, ट्रान्झिएंट (काळानुसार बदलणारं) गणित चालवून सरासरी घ्या.

पुढे हीच पद्धत साताऱ्याच्या पठारांवर, वनकुसवडे-चाळकेवाडीकडे वापरायची म्हणता. तिथे तुलनेला अ‍ॅस्करवेनचा गोलसर माथा उपयोगाचा नाही. डेन्मार्कचं बोलुंड घ्या: जेमतेम १२ मीटर उंच, पण सपाट माथा आणि उभा कडा. सह्याद्रीतही प्रवाह कड्याच्या धारेवरच सुटतो आणि त्या सुटलेल्या प्रवाहाचा फुगवटा पठारावर आत पसरतो. ही धार तुमच्या भूरूपात असायला हवी. ६० मीटरचा कडा २० मीटरच्या आडव्या अंतरात उतरत असेल तर उतार ७२ अंशांचा. तोच ९० मीटरच्या उपग्रह ग्रिडवर एका चौकटीत पसरला की ३४ अंशांचा होतो. म्हणून कड्याची रेषा सर्व्हेच्या कंटूरवरून वेगळी घाला आणि धारेपाशी आडवी सेल दोन-तीन मीटरवर आणा.